पेशंटसोबत कोण आहे?

अपघात विभागात स्ट्रेचर आत आलं की सिस्टर आधी "काय झालं?" विचारत असतील, असं बाहेरच्याला वाटतं. तो आमचा दुसरा प्रश्न. पहिला असतो, "पेशंटसोबत कोण आहे?" एका हातात नाडी, दुसऱ्या हातानं बीपीचा पट्टा गुंडाळणं चालू, नजर पेशंटच्या चेहऱ्यावर, आणि हा प्रश्न मागच्या घोळक्याला. मग कोण पुढे येतं त्याच्यावर पुढचा अर्धा तास कसा जाणार हे पुष्कळसं ठरतं.

मी नर्स आहे. तालुक्याच्या गावातलं तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय, आजूबाजूला ऊस, दारावरून जाणारा रहदारीचा रस्ता. नोकरीतली बहुतेक वर्षं कॅज्युअल्टीत गेली. आमच्याकडे ईसीजी आहे, एक्स-रे आहे, ऑक्सिजन आहे, बाळंतपणाची खोली आहे, सापाची लस आहे. सीटी स्कॅन नाही, आयसीयू नाही. रात्री एक डॉक्टर, दोन सिस्टर, एक मामा आणि एक मावशी एवढ्यावर सगळा कारभार. अशा ठिकाणी मशिनं कमी असतात, म्हणून माणसानं सांगितलेल्या माहितीला फार किंमत येते. आणि ती माहिती पेशंटपेक्षा त्याच्यासोबतच्या माणसाकडे जास्त असते. पेशंट बेशुद्ध असतो, किंवा घाबरलेला असतो, किंवा चार महिन्यांचा असतो.

म्हणून माझं मत असं झालंय की सरकारी असो वा खाजगी, दवाखाना सुखरूप वापरायचा असेल तर डॉक्टर निवडण्याइतकंच सोबतचा माणूस निवडणं महत्त्वाचं आहे. तो उपचाराचा भाग होणार की गर्दीचा, हे दारातच ठरतं.

आमच्याकडे पुढे कोण येतं? बहुतेक वेळा भावकीतला वडीलधारा पुरुष, नाहीतर गावातला एखादा कार्यकर्ता. बोलायला पटाईत, कुणाकुणाला फोन लावलेत ते सांगणारा. पेशंटबद्दल विचारलं की "काल तर चांगली होती की म्हातारी, काय नव्हतं तिला." एकदा अशीच एक आजी आणली होती. अंग घामानं थबथबलेलं, हाक मारली तर नुसती हूं. सोबत आठ-नऊ जण, आणि बोलत होता पुतण्या. मी विचारलं, "आजींना घरात जेवायला कोण वाढतं?" सगळे जरा गप्प झाले. दाराजवळ उभी असलेली सून पुढे आली. म्हणाली, "आज एकादशी. सकाळी शुगरची गोळी घेतली त्यांनी, पण पोटात काय नाही. नुसता चहा." तोवर मशिनवर शुगर आली होती, ३८. शिरेतून ग्लुकोज गेलं आणि आजींनी डोळे उघडून आधी पदर सारखा केला.

घोळका खूश झाला, गाडी काढायला निघाला. पण सुनेनं सांगितलेल्या गोळीचं नाव महत्त्वाचं होतं. मधुमेहाच्या काही गोळ्या दिवसभर शुगर खाली ओढत राहतात. ग्लुकोजनं उठून बसलेला माणूस चार तासांनी घरी पुन्हा निपचित पडू शकतो. डॉक्टरांनी आजींना रात्रभर ठेवून घेतलं. ते ठेवणं सुनेच्या एका वाक्यामुळे झालं. तेव्हापासून "सोबत कोण आहे?" याच्या पाठोपाठ "जेवायला कोण वाढतं?" हाही प्रश्न माझ्या तोंडात बसलाय. जो वाढतो त्याला माहीत असतं माणूस किती जेवला, कधीपासून कमी जेवतोय, रात्री किती वेळा उठला, कुठली गोळी लपवून टाकून दिली. आपल्याकडे ही व्यक्ती बहुधा बाई असते, आणि तिला बहुधा मागे उभं केलेलं असतं.

गोळ्यांचं म्हणाल तर "बीपीची पांढरी, बारीक गोळी" या वर्णनाच्या शंभर गोळ्या बाजारात आहेत. निघताना गोळ्यांची पिशवी उचलून आणावी, नाहीतर पाकिटांचा फोटो आधीच मोबाइलमध्ये असावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आवर्जून सांगावी. डोक्याला मार लागलेल्या म्हाताऱ्या माणसाचा साधं टेंगूळ त्या गोळीमुळे साधं राहत नाही. कुठल्या इंजेक्शननं पूर्वी अंगावर गांधी उठल्या होत्या का, हे विचारण्याआधी सांगावं. शेतावरचं औषध कुणी प्यालं असेल तर त्याची बाटली आणावी, कारण कोणतं विष आहे त्यावर उतारा ठरतो. त्या माणसाला मिठाचं पाणी पाजून उलटी करायला लावू नये. बेशुद्धीकडे चाललेल्याच्या छातीत ते पाणी जातं आणि विषाच्या जोडीला दुसरं दुखणं लागतं. औषध अंगावर सांडलेलं असेल तर कपडे उतरवून अंग साबणानं धुवावं. आणि हे का झालं याची उलटतपासणी आमच्या दारात करू नये. आधी जीव वाचू दे, बोलायला नंतर वेळ असतो.

कॅज्युअल्टीत नंबर नसतो, हे लोकांना पटवणं सगळ्यांत अवघड. ओपीडीत केसपेपरच्या क्रमानं आत सोडतात, आमच्याकडे धोक्याच्या क्रमानं. हाताचं हाड मोडलेला पोरगा सगळा दवाखाना डोक्यावर घेतो, त्याचे मित्र टेबल वाजवतात, "सिस्टर, कवाधरनं बसलोय आमी." त्याच वेळी बाकावर पन्नाशीचे एक गृहस्थ कडेला बसलेले असतात. शर्ट भिजलेला, चेहरा राखेसारखा. विचारलं तर म्हणतात, "काही नाही, जरा गॅस धरलाय. यांचं बघा आधी." आम्ही आधी त्यांनाच आत घेतो. ओरडणारा निदान श्वास नीट घेतोय हे स्वतःच सांगत असतो. मला भीती गप्प बसलेल्याची वाटते. छातीत दाबल्यासारखं होणं, दुखणं जबड्याकडे किंवा हाताकडे जाणं, घाम सुटणं, यांतलं काहीही असलं तर पोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा, असा नियमच आहे. मधुमेह असलेल्यांना कधीकधी छातीत दुखतच नाही. नुसता दम लागतो, गळून गेल्यासारखं होतं. गॅस म्हणून सोडा पिऊन अंगावर काढलेले कितीतरी हार्ट अटॅक आमच्या बाकावर येऊन बसलेले मी पाहिलेत.

उलट पुष्कळ लोक आमच्याकडे यायची गरज नसताना येतात. दोन दिवसांचं सर्दी-पडसं, महिनाभर दुखणारा गुडघा, जुनी खरूज, "शुगर जरा चेक करा". यासाठी गावातलं प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, सकाळची ओपीडी आहे, आणि २०२३पासून राज्यभर 'आपला दवाखाना' सुरू झालाय, तो मुद्दाम दुपारी आणि संध्याकाळी उघडा ठेवलाय. कामावरून सुटलेल्याला रोज न बुडवता जाता यावं म्हणून. शिवाय जवळचा फॅमिली डॉक्टर. त्याला तुमचं आधीचं सगळं माहीत असतं, ही फार मोठी गोष्ट आहे. ताप आहे पण पोर खेळतंय, पाणी पितंय, तर लहान दवाखाना पुरतो. पण ताप असलेलं पोर दूध ओढत नाही, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय, झटका आला, हाक मारून जागं होत नाही, तर मधल्या कुठल्याच दवाखान्यात न थांबता थेट मोठ्या ठिकाणी. एक वर्षाच्या आतल्या, दोन महिन्यांहून मोठ्या बाळाचे श्वास शांत असताना पूर्ण मिनिटभर मोजावेत. पन्नास किंवा त्याहून जास्त भरले तर न्यूमोनियाची शंका धरतात. हे मोजायला डॉक्टर लागत नाही, घड्याळ लागतं. आशाताई गावागावात हेच शिकवत असतात.

आता एक सांगते, ते आमच्याच दवाखान्याविरुद्ध वाटेल. काही दुखण्यांत आमच्याकडे न येणं हाच आमचा योग्य उपयोग. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात गळाला, बोलणं बोबडं झालं, म्हणजे लकव्याची शंका. मेंदूत गुठळी झाली असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. पण रक्तस्राव झाला असेल तर तेच इंजेक्शन जीव घेईल, म्हणून आधी सीटी स्कॅन हवाच. आमच्याकडे स्कॅन नाही. आमच्या दारात घातलेला तास त्या साडेचारातून वजा होतो. त्यात आधी मालिशवाल्याकडे, मग देवाला, मग गावच्या डॉक्टरकडे, मग आमच्याकडे असा प्रवास झालेला असेल तर पुढच्या दवाखान्यात स्कॅन असूनही हातात काही उरत नाही. अशा पेशंटसोबतच्या माणसाला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो: "यांना शेवटचं धडधाकट कधी पाहिलं?" सकाळी उठले तेव्हा हात उचलत नव्हता, तर घड्याळ सकाळपासून मोजत नाहीत, रात्री झोपताना चांगले होते तिथपासून मोजतात. त्यामुळे "सकाळीच झालं" हे उत्तर पुरत नाही.

कुठल्या दारात जायचं हे घरच्यांना रात्री कसं कळावं? त्यासाठीच १०८. राज्यात ही सेवा २०१४ साली सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या, त्यांतल्या २३३ जास्त सामग्रीच्या. या गाडीत डॉक्टर असतो, हे अजून कित्येकांना माहीत नसतं. त्यांना ती नुसती फुकटातली गाडी वाटते. दोघांच्या मध्ये पेशंटला बसवून मोटारसायकलवर आणतात, मान पुढे लोंबत असते, आणि अपघातातल्या माणसाच्या मणक्याचं जे व्हायचं ते वाटेत होतं. १०८ला फोन केल्यावर नाव-गाव विचारतात म्हणून चिडू नये. गाडी निघालेली असते आणि प्रश्नही चालू असतात. गावाचं नाव, तालुका आणि जवळची खूण सांगावी, कारण एकाच नावाची गावं जिल्ह्यात दोन-तीन असतात. एका माणसानं फाट्यावर उभं राहावं. घर हुडकण्यात गेलेली मिनिटं कुठल्याच औषधानं परत येत नाहीत.

सापाच्या बाबतीत मात्र हिशेब उलटा. तिथे मोठ्या शहराकडे पळू नका, लस असलेल्या सगळ्यात जवळच्या सरकारी दवाखान्यात या. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांवर एकच लस चालते, म्हणून साप मारून पिशवीतून आणण्याची गरज नसते. तरी लोक आणतात, आणि तो पुरता मेलेला नसतो, तेव्हा आमची जी धावपळ उडते ती विनोदी नसते. दोरी आवळून बांधू नये, ब्लेड मारू नये, हातपाय हलवू न देता आणावं, अंगठ्या-जोडवी काढावीत, चावल्याची वेळ सांगावी. तोडणीच्या हंगामात कोपीत जमिनीवर झोपलेल्या मजुराला पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, दंशाची खूण दिसत नाही. असं कुणी आलं की आमचे डॉक्टर आधी मण्यारीची शंका घेतात. ती चावते तेव्हा फारसं दुखतही नाही. अशा वेळी "पोटात दुखतंय" एवढंच सांगणाऱ्या माणसापेक्षा "तो जमिनीवर झोपला होता" हे सांगणारा माणूस मोलाचा.

घोणस चावलेल्याचं थोडं रक्त आम्ही कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतो. नंतर नळी तिरकी करून बघायची. रक्त गोठलं नसेल तर विषानं काम सुरू केलंय, लस सोडायची. ती वीस मिनिटं नातेवाइकांना सहन होत नाहीत. "माणूस मरायला लागलाय अन् तुमी नळीकडं बघत बसलाय?" मी सांगते, बघत बसणं हीच तपासणी आहे. पण हे आधीच, नळी ठेवतानाच सांगितलं तर त्यांना पटतं. नंतर सांगितलं तर ती सबब वाटते. हे मला कॅज्युअल्टीनंच शिकवलं.

विंचवाचं उदाहरण तर प्रत्येक शाळेत सांगावं असं. लाल विंचू चावला की घाम, थंड पडलेले हातपाय, वाढलेलं बीपी, मग फुफ्फुसात पाणी, असं करत कोकणात किती माणसं जायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन ही बीपीची साधी, स्वस्त गोळी त्यावर वापरून दाखवली आणि मृत्यूंचं प्रमाण एकदम खाली आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणि तरी आमच्याकडे विंचू चावलेल्याला गोळी दिली की सोबतचे लोक म्हणतात, "सिस्टर, इंजेक्शन मारा की, नुसती गोळी काय देताय?"

इंजेक्शन आणि सलाइनवरची ही श्रद्धा मला आजवर कुणाची मोडता आलेली नाही. अशक्तपणा वाटतोय, "एक बाटली लावा". मी हिशेब मांडून दाखवते. ज्याला लोक ताकदीची बाटली म्हणतात, त्या ५०० मिलिलीटर डीएनएसमध्ये साडेचार ग्रॅम मीठ आणि २५ ग्रॅम साखर असते, बाकी पाणी. एका ज्वारीच्या भाकरीत याहून जास्त ताकद आहे आणि तिला सुई लागत नाही. सुई म्हणजे कातडीला पाडलेलं दार. त्यातून औषध जातं तसे जंतूही जातात, शीर सुजते, हृदय किंवा किडनी अधू असलेल्याला जादा पाणी दम लावतं. उलट्या थांबत नाहीत, तोंडानं काही राहत नाही, बीपी खाली गेलंय, तेव्हा हीच बाटली जीव वाचवते. तोंडानं पिऊ शकणाऱ्या माणसाला ओआरएस पुरतं. ज्या दवाखान्यात मागितली की बाटली मिळते, तिथे सुई नवी फोडली का, हे तरी डोळ्यांनी पाहावं.

आता वॉर्डाकडे येते. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणं हे कर्तव्य आहे. न जाणाऱ्याचं नाव वर्षानुवर्षं निघतं. लग्नाला नाही आला तर चालेल, पण दवाखान्यात बघायला आला नाही हे कुणी विसरत नाही. म्हणून ट्रॅक्टर भरून माणसं येतात. कॉटवर बसतात, नव्या बाळाचा मुका घेतात, शेजारच्या कॉटवर काय झालंय ते विचारतात, नारळपाणी पाजतात, सलाइनच्या नळीवरचं चाक "हळू पडतंय" म्हणून फिरवतात. यांतल्या प्रत्येकाच्या मनात माया असते, हे मला माहीत आहे. पण त्याच्या हाताला काय लागलंय ते त्यालाही माहीत नसतं.

व्हिएन्नाच्या एका प्रसूतिगृहात १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरनं शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं घटले. त्याच्या हयातीत त्याचं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. आज प्रत्येक वॉर्डात बाटली टांगलेली असते आणि अजूनही सगळ्यांत जास्त टाळलं जातं ते हेच. साबणपाण्यानं धुवायचे तर चाळीस ते साठ सेकंद, सॅनिटायझर असेल तर वीस ते तीस, बोटांच्या बेचक्या आणि अंगठ्यासकट. जुलाब-उलट्यांच्या पेशंटजवळून उठल्यावर सॅनिटायझरवर भागवू नये, साबणच वापरावा. कॉटला शिवण्याआधी धुवायचे ते त्याच्यासाठी, निघताना धुवायचे ते घरच्या पोराबाळांसाठी. खोकला, ताप, जुलाब असलेल्यानं भेटायला येऊच नये, फोन करावा. लहान मुलांना वॉर्डात आणू नये. यावर भांडणारे लोक म्हणतात, "नातवाला बघायचंय आजोबांना." व्हिडिओ कॉलवर बघू देत की. कोरोनाच्या काळात बाहेरच्या कुणाला आत सोडत नव्हते, तेव्हा तो नियम निष्ठुर होता, एकटेपणानं माणसं खचलेली मी पाहिली. म्हणून मी भेट बंद करा असं म्हणत नाही. एका वेळी एकजण, पंधरा मिनिटं, कॉटऐवजी स्टुलावर, एवढंच म्हणते.

आणि खरं सांगायचं तर सोबतच्या माणसाशिवाय आमचा वॉर्ड चालणारच नाही. तीस-चाळीस पेशंटमागे रात्री एक सिस्टर असेल तर पाणी पाजणारे, कूस बदलणारे, लघवीला नेणारे हात घरचेच असतात. म्हाताऱ्या पेशंटचा सगळ्यात धोक्याचा प्रवास कॉटपासून संडासापर्यंतचा. ओली फरशी, झोपेची गोळी, खाली उतरताना येणारी चक्कर. मांडीचं हाड मोडलेले किती जण मुळात तापासाठी भरती झालेले होते. पेशंटला उठायचं असेल तर आधी कॉटच्या कडेला दोन मिनिटं बसवावं, चप्पल घालावी, मग हात धरावा. हे काम रात्री जागणाऱ्या एका शहाण्या माणसाचं आहे, दिवसा येऊन गेलेल्या वीस जणांचं नाही.

तोच माणूस आमच्यावर लक्षही ठेवू शकतो, आणि ठेवावं. गोळी किंवा इंजेक्शन देताना पेशंटला पूर्ण नाव विचारायचं असतं. "तुम्ही अमुकच ना?" असं विचारलं तर कमी ऐकू येणारे आजोबा कुठल्याही नावाला मान डोलावतात, आणि आमच्या भागात एका वॉर्डात एका नावाचे दोघे सहज सापडतात. नाव विचारलं गेलं नाही तर सोबतच्यानं सांगावं. "हे कशाचं इंजेक्शन?" विचारावं. "सिस्टर, हात धुतलेत ना?" हेही विचारावं. हातमोजे घातलेले दिसले म्हणून गप्प बसू नये. एका पेशंटवरून दुसऱ्यावर गेलेले मोजे मळक्या हातांइतकेच वाईट. या प्रश्नाचा राग येणारी सिस्टर असेलही, पण प्रश्न बरोबर आहे. वापरलेल्या सुया, कापूस, पट्ट्या यांना मात्र त्यानं हात लावू नये. लाल, पिवळी, निळी, पांढरी अशा रंगवार डब्यांत ते आम्ही टाकतो. जेवणाच्या डब्याचं खरकटं त्यात टाकू नये.

भांडण होतं ते बहुतेक वेळा माहिती न मिळाल्यामुळे. आत काय चाललंय कळत नाही, बाहेर पन्नास माणसं, कुणीतरी मोबाइलवर शूटिंग सुरू करतं, कुणीतरी दार ढकलतं. डॉक्टर-नर्सवर हात उचलला तर तीन वर्षांपर्यंत कैद आहे, राज्यात तसा कायदा २०१० पासून आहे. त्याचा फलक आमच्याही भिंतीवर आहे. पण फलकानं मारहाण थांबलेली मी पाहिली नाही. थांबली ती दर दहा मिनिटांनी बाहेर जाऊन एका ठरलेल्या माणसाला नीट सांगितल्यानं. इथेही पुन्हा तोच प्रश्न येतो, सांगायचं कुणाला? आठ जणांना आठ वेळा सांगितलं की आठ वेगवेगळ्या बातम्या गावात जातात.

नातेवाइकांचे हक्कही आहेत आणि ते माहीत असावेत. अपघाताची केस असली तरी आधी उपचार, पोलिसांचे कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलंय. रस्त्यावरच्या जखमीला आणून सोडणाऱ्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही, मोटार वाहन कायद्यात तशी तरतूद आहे. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. खाजगी रुग्णालयानं दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. हे शांतपणे सांगणारा एक माणूस, दार ढकलणाऱ्या दहांपेक्षा जास्त काम करून जातो.

शेवटी रेफर आणि डिस्चार्ज. "पुढं न्या" म्हटलं की लोक पेशंट उचलून पळतात, कागद टेबलावर राहतो. रेफर चिठ्ठी, ईसीजीची पट्टी, कुठलं औषध किती वाजता दिलं त्याची नोंद, हे हातात घेतल्याशिवाय गाडीत बसू नये. नाहीतर पुढच्या दवाखान्यात तेच इंजेक्शन दुसऱ्यांदा जाऊ शकतं. आमच्या डॉक्टरांना पुढे फोन करायला सांगावं. खाट आहे की नाही ते निघण्याआधी कळतं. आणि घरी सोडताना तीन गोष्टी विचाराव्यात. आधीच्या गोळ्यांतल्या कुठल्या चालू, कुठल्या बंद? काय झालं तर लगेच परत यायचं? पुढची तारीख कधी? कुत्रा चावलेल्यांच्या बाबतीत या तारखेवर जीव असतो. जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, तिखट-चुना भरायचा नाही, आणि त्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी लस. जखम सुकली म्हणून शेवटचे डोस बुडवणारे असतात. त्यांच्या दंडातल्या सुईपेक्षा त्यांच्या घरातल्या कॅलेंडरवर मी जास्त भिस्त ठेवते.

माझ्या मैत्रिणी विचारतात, घरात औषधांची पेटी ठेवू का, ऑक्सिजनचं मशिन घेऊ का, बीपीचं यंत्र कुठलं चांगलं. घ्या, हरकत नाही. पण त्याआधी एक नाव ठरवा. घरात कुणाला काही झालं तर सोबत कोण जाणार? मोठ्यानं बोलणारा नको, गोळ्यांची नावं माहीत असलेला हवा. तो कमावता नसेल, घरची सून असेल, कॉलेजात जाणारी मुलगी असेल, तर तिला पुढे उभं राहायचा अधिकार सगळ्यांनी मिळून आधीच द्या. "ती सांगेल, तिला विचारा," एवढं वाक्य घरातल्या थोरल्यानं कॅज्युअल्टीत म्हटलं तरी आमचं निम्मं काम होतं. हे ठरवायला आजची संध्याकाळ पुरते. रात्री दोन वाजता ठरवू म्हटलं तर तेव्हा ज्याचा आवाज मोठा, तोच आत येतो.